सोळावी पायरी

सोनियाने कोपरापर्यंत दोन्ही हात विहिरीच्या पाण्यात घातले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीवरून बोटाने चाचपत शटर दाबलं. लागोपाठ पाच वेळा. आतली बारीक टकटक कानाला आली नाही, तळहाताला कळली. समोरच्या हिरव्या पाण्यात फुलाबाईंचं लुगडं फुगून गेलं, एक पाऊल दिसलं, आणि मग हातभर अंतरावर त्यांचं पांढरं डोकं वर आलं.

“आलं का?” नाक शिंकरत त्यांनी विचारलं.

सोनियाने कॅमेरा बाहेर काढला. पिशवीच्या तोंडाशी बसवलेली काच ओढणीने टिपली, पाठीमागचा पडदा उन्हाकडून फिरवला आणि फोटो मोठा करून पाहिला. हिरवट धुकं, धुक्यात लुगड्याचा जांभळा काठ, आणि चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक पट्टा.

“हललंय, आत्या.” सासूला ती आत्या म्हणायची.

“न्हाई हालले तर बुडीन की मी.”

वरून शेजारची हसीना हसली. ती विहिरीच्या कठड्यावर पाय खाली सोडून बसली होती. हातात दोर. दोराचं दुसरं टोक फुलाबाईंच्या कमरेला. तिची एक नजर दोरावर होती आणि दुसरी वीस पावलांवरच्या जांभळीला बांधलेल्या झोळीवर, जिच्यात आठ महिन्यांची वैष्णवी झोपली होती. झोळी आणखी जवळ बांधायला सोनियाने ठाम नकार दिला होता.

“मावशीला दोर बांधलाय, हेच मला बघवंना,” हसीना म्हणाली. “म्हशीला पवायला शिकवल्यासारखं दिसतंया.”

“तू गप. तुला शिकवलं तवा तूबी म्हशीवानीच हुतीस,” फुलाबाई खालून म्हणाल्या.

कामथडीच्या बाहेर, हायवेवरच्या गाड्यांचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा-जायचा इतक्या अंतरावर त्यांचं हे शेत होतं. विहीर जुनी, दगडी, एका अंगाने सोळा पायऱ्यांची. फाल्गुनात पाणी चौदाव्या पायरीला लागे. पंधरावी अन् सोळावी पाण्यात. त्यापुढे पायरी नव्हती, सरळ खोल विहीर. ऊन पाण्यावर पडायचं ते फक्त बाराच्या पुढे तासभर. आधी पश्चिमेच्या भिंतीवर असायचं, नंतर पूर्वेच्या. मधला हा तास काय तो उजेडाचा. त्यातली वीस मिनिटं संपली होती.

आणि उद्यापासून हा तासही नव्हता. कठड्याला टेकून लोखंडी जाळी उभी होती, गेरूच्या रंगाची, अजून रंगाचा वास येणारी. हसीनाच्या दिराने, मोहसीनने, ती नसरापूरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये करून कालच टेम्पोने आणून टाकली होती. उद्या सकाळी तो वेल्डिंगचं मशीन घेऊन येणार आणि विहिरीचं तोंड बंद करणार.

जाळी सोनियानेच सांगितली होती. संक्रांतीच्या सुमाराला वैष्णवी पहिल्यांदा रांगली, तेव्हा ती घरातल्या कुठल्याही वस्तूकडे गेली नाही. सरळ उंबऱ्याकडे निघाली. त्या रात्री सोनियाला झोप लागली नाही. सकाळी नवऱ्याला, धनाजीला ती म्हणाली, “विहिरीला जाळी बसवा. पूर्ण.” धनाजीने आईकडे पाहिलं. फुलाबाई तांदूळ निवडत होत्या.

“बसवा,” त्या म्हणाल्या.

एवढंच. पण पुढचा अर्धा तास त्या तोच एक पसा तांदूळ निवडत राहिल्या, हे सोनियाने स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. चाळीस वर्षं या विहिरीत त्या पोहत होत्या. कामथडी-वरव्याची निम्मी पोरं त्यांनी पोहायला शिकवली होती. सासूची विहीर बंद करायची म्हणजे काय, ते सोनियाला कळत नव्हतं असं नाही. पण रांगणाऱ्या पोरीपुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

“आत्या, पुन्हा एकदा. या वेळी जरा हळू या.”

“हळूच आली की.”

तिने शटर साठावरून सव्वाशेवर नेलं. सेकंदाचा सव्वाशेवा भाग. उजेड निम्मा झाला, म्हणून फ्लॅश लावला. लग्नाच्या मांडवात तो नेहमी वाचवायचा. फुलाबाई बुडाल्या, आल्या. पडद्यावर चेहरा दिसेना. पाण्यातला गाळाचा कण न् कण पेटला होता. जणू कुणी विहिरीत मूठभर रांगोळी उधळली होती.

“ह्ये काय? बर्फ पडला व्हय भोरात?” वरून मोबाईलच्या पडद्याएवढं काय दिसलं असेल तेवढ्यावर हसीना म्हणाली.

सोनियाने फ्लॅश बंद केला. तिच्या बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. पिशवीच्या आतून बारीक वाफ धरू लागली होती. छातीत ती ओळखीची कळ येऊन गेली आणि कुर्त्यावर दोन ओले डाग उमटले. म्हणजे वैष्णवीची वेळ झाली होती. दूध घड्याळ बघत नाही. तिने डागांवर ओढणी ओढली.

मोबाईलवर सकाळी आलेला निरोप तिला पाठ झाला होता. शेफालीमॅडम पुण्याच्या. भोर आणि वेल्ह्याच्या विहिरींवर त्या पुस्तक करत होत्या. वर्षभराचं काम, गावोगाव फिरून. बाळंतपणाआधी सोनियाने त्यांना बारशा-लग्नातले नव्हे, स्वतःसाठी काढलेले फोटो पाठवले होते. उत्तर आत्ता आलं, सव्वा वर्षाने. “मुखपृष्ठासाठी पाण्याखालचा एक चेहरा हवाय. विहिरीतलं माणूस. डोळे शार्प हवेत, सोनिया. डोळे शार्प असले की बाकी सगळं चालवून घेऊ. आज संध्याकाळी सहापर्यंत पाठव, उद्या ठरवतोय. जमलं तर काम तुझं.”

आठ महिने कॅमेरा कपाटात दुपट्यांच्या खाली पडून होता. कधीमधी ती तो काढायची, वैष्णवीच्या जावळाचा एखादा फोटो काढायची आणि पुन्हा ठेवायची. धनाजी चांगला माणूस. कंपनीतून आला की पोरीला घ्यायचा. पण परवा तोही सहज म्हणाला होता, “ते कॅमेऱ्याचं आता काय, वैशू मोठी झाल्यावर बघू.” मोठी म्हणजे किती, हे तिने विचारलं नव्हतं.

“शेफाली म्हंजी फूल का?” फुलाबाईंनी मधेच विचारलं होतं. “मग मीबी फूल, तीबी फूल. काढ फोटू.” आणि त्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारून सरळ पाण्यात उतरल्या होत्या. उद्या जाळी बसणार आणि आज त्या हसत उतरल्या. सोनियाला ते हसणं आल्यापासून टोचत होतं.

“अंतर चुकतंय,” ती स्वतःशीच म्हणाली. गढुळलेल्या पाण्यात कॅमेऱ्याला काय पकडायचं ते कळत नव्हतं. लेन्स पुढे-मागे धापा टाकत होती. “आत्या, तुम्ही दर वेळी त्याच जागी आलात तर मी अंतर आधीच बांधून ठेवते. पाण्यात काहीतरी खूण पाहिजे.”

फुलाबाईंनी भिंतीतल्या कोनाड्यात हात घातला आणि एक स्टीलची वाटी काढली. कडा चेपलेली, बुडाला कुणाचं तरी नाव अर्धं झिजलेलं.

“अगं बाई!” हसीना वरून ओरडली. “अजून हाय ही?”

“जाईल कुठं?”

“सोनिया, ह्या वाटीनं आम्हाला रडवलंय,” हसीना सांगू लागली. “सात वरसांची हुते मी. मावशी वाटी खाली टाकायच्या अन् म्हनायच्या, आणा. आमी नाक धरून जायचो, डोळं मिटून परत यायचो. मग टपली. ‘डोळं उघडं ठिव! पानी डोळ्याला चावत न्हाई!’ अन् कुनालाच न्हाई सापडली तर मावशी सोता जायच्या. एका दमात. वाटी घिऊन वर.”

“बडबड कमी कर, दोर बघ,” फुलाबाई म्हणाल्या आणि वाटी सोळाव्या पायरीवर ठेवून आल्या. पाण्यातून ती चवलीच्या नाण्याएवढी चमकली.

सोनियाने हात खांद्यापर्यंत बुडवून वाटीवर नेम धरला, अंतर बांधलं. मग हिशेब केला. शटर पाचशेवर. एवढ्या वेगात पाणी थिजतं, माणूसही. उजेड चौपट कमी होणार, मग उजेड टिपायची ताकद वाढवायची, आयएसओ सोळाशे. फोटोत दाणे येतील, येऊ देत. लेन्सचं भोक बारीक करून पाच-सहावर, म्हणजे वाटीच्या वीतभर अलीकडे-पलीकडे चेहरा आला तरी हाती लागेल. वरून ऊन आता थेट पडत होतं. भिंतीच्या दगडांवर पाण्याच्या जाळ्या हलत होत्या.

“वाटीच्या वर आलात की थांबा. एक, दोन मोजा. मग वर.”

“मोजती.”

फुलाबाई बुडाल्या. सोनियाने बोट दाबलं ते सोडलंच नाही.

या खेपेला पडद्याकडे बघायच्या आधीच तिला कळलं. हाताला कळतं ते. तिने काच पुसली, फोटो मोठा केला आणि तिच्या तोंडून हळूच “हं” असा आवाज निघाला. पांढऱ्या केसांचा एकेक धागा वेगळा होता. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके. नाकपुडीशी मोत्याएवढा बुडबुडा. कानातल्या कुडीवर उन्हाचा कण. आणखी मोठा केला. डोळ्यांपाशी नेला.

डोळे मिटलेले होते.

नुसते मिटलेले नव्हते. गच्च आवळलेले. तिखट गेल्यावर लहान मूल आवळतं तसे, कपाळापासून गालापर्यंत सुरकुत्यांची गाठ मारून. ओठही दाबलेले. सोनियाने पुढचा फोटो पाहिला. तोच चेहरा. मग मागे गेली. पाचशेच्या आधीचे, सव्वाशेचे, साठाचे. पुसट पट्ट्यांत आता तिला दिसू लागलं. काय शोधायचं ते कळल्यावर पुसटातही दिसतं. सदतीस फोटो. एकातही डोळे उघडे नव्हते.

तिने मान वर केली. फुलाबाई चौदाव्या पायरीवर हात टेकून, गळ्यापर्यंत पाण्यात तरंगत होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या. विचारलं नाही, आलं का म्हणून.

तेवढ्यात झोळीतून पहिला आवाज आला. मग दुसरा. मग वैष्णवीने सगळं शिवार डोक्यावर घेतलं.

“मी येते वर,” सोनिया उठली.

“आन् उजेड?” हसीना म्हणाली. “रडल्यानं पोर मरत न्हाई, ऊन मातर सरतंया. थांब, मीच आनती.”

“इथे नको! पायऱ्यांवर नको आणू तिला.”

हसीना तोवर दोराचं टोक मोटरीच्या पाइपला बांधून निघालीही होती. ती पोरीला कडेवर घेऊन, भिंतीला खांदा घासत, एकेक पायरी मोजत उतरली. सोनिया अकराव्या पायरीवर भिंतीला पाठ लावून बसली, दोन्ही हातांनी पोरीला घट्ट आवळलं आणि छातीशी घेतलं. वैष्णवीने तोंड लावलं आणि आवाज बंद झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा पोर विहिरीत उतरली होती. पिता पिता तिचे डोळे भिंतीवर नाचणाऱ्या उजेडाकडे लागले. एक हात वर करून ती तो धरू पाहत होती.

हसीना वर गेली. तिचं मोबाईलवर कुणाशी तरी बोलणं सुरू झालं.

ऊन पूर्वेच्या भिंतीच्या पहिल्या दगडावर चढलं.

“दाव,” फुलाबाई म्हणाल्या.

सोनियाने एका हाताने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओला अंगठा लुगड्याला पुसला, पण पडद्याला लावला नाही. नुसतं बघितलं. पुष्कळ बघितलं.

“लई साफ आलाय.”

“हो.”

“पयल्या सालची गोष्ट. नवीन हुते हितं. थोरल्या दिरानं ढकलून दिलं. तशीच शिकवत्यात सारी. पडले, अन् डोळं उघडं हुतं माझं.” त्यांनी पाण्यावर तळवा फिरवला. “खाली निस्तं हिरवं. त्याच्या खाली काळं. तळच दिसंना. मला वाटलं, तळच न्हाई ह्याला. म्या तवा मिटलं ते मिटलं.”

“आणि वाटी?”

“हातानं. ह्या हिरीचा एकूणएक दगूड ठावं हाय हाताला. कुठं फट हाय, कुठं वाटी घसरून जाती, समदं.” मग त्या जरा हसल्या. “पोरांना दिसतंया म्हनून सांगायची. त्यांना खरंच दिसायचं बग. हसीनाला तर डोळं उघडताच दिसलं.”

“भीती वाटत होती, तर मग कशाला उतरत होतात रोज?”

फुलाबाईंनी नातीच्या लोंबत्या पावलाकडे पाहिलं. “पोरं उतरायचीच. कुनी शिकवलं न्हाई तरी उतरायची. मग कुनीतरी आत पायजे का नगं?”

सोनियाची नजर कठड्यापलीकडे गेली, जिथून जाळीची एक कड दिसत होती. ‘बसवा’ म्हणतानाचा तो आवाज तिने गेले दोन महिने पुन्हा पुन्हा ऐकला होता, आणि दर वेळी त्यात राग ऐकला होता. तिथे राग होता की सुटका होती, आता तिला सांगता येईना.

“पुसून टाक त्यो,” फुलाबाई म्हणाल्या.

“चांगला आलाय, आत्या.”

“चांगला आलाय म्हनूनच.”

वैष्णवीने स्तन सोडला आणि ढेकर दिला. सोनियाचा अंगठा बटणावर होता. डोळे शार्प हवेत, मॅडम म्हणाल्या होत्या. मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या इतक्या शार्प होत्या की केस मोजून घ्यावेत. कदाचित मॅडमना आवडलाही असता. कदाचित जास्तच. पुस्तकाचं पोस्टर म्हणून सहा फुटी होऊन पुण्यात लागला असता, आणि गावातल्या कुणीतरी मोबाईलवर बघून म्हटलं असतं, अरे, ही तर आपली फुलामावशी, हिचे डोळे बघ.

तिने तो पुसला. त्याच्या पुढचा पुसला. मग मागचेही.

“झालं?” फुलाबाईंनी विचारलं.

“झालं.”

“मग आता काय धाडशील?”

सोनियाने पाण्याकडे पाहिलं. उन्हाचा निम्मा तुकडा अजून पाण्यावर होता. दहा मिनिटं, फार तर. “हसीना!” तिने हाक मारली. “हिला घे. घट्ट धर.”

हसीना आली, पोर घेऊन वर गेली. सोनियाने ओढणी काढून कोनाड्यात कोंबली.

“तुम्ही म्हणालात ना, कुणीतरी आत पाहिजे. मी आत येते. तुम्ही तळाकडे नका बघू. माझ्याकडे बघा.”

“तुला कुठं येतंया?”

“सोळाव्या पायरीवर बसेन. धरून.”

फुलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भोर शहरातली पोर. नदीकाठी जन्मली आणि घोट्याच्या वर पाण्यात गेली नाही. लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर कपडे धुवायला आली तरी पाठ भिंतीला लावून उभी राहायची. त्यांनी आपल्या कमरेचा दोर सोडला आणि सोनियाच्या कमरेला बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

पाणी पोटाला लागलं तेव्हा सोनियाचा श्वास आखडला. छातीला लागलं तेव्हा तिने हिशेबाला धरलं. उजेड कमी झालाय, पाचशे आता परवडत नाही. अडीचशे. आयएसओ सोळाशेच. अंतर तेच, वाटीएवढं. हलणारं थोडं हललेलं येईल. येऊ दे. अडीचशे, सोळाशे, पाच-सहा. अडीचशे, सोळाशे, पाच-सहा. जपासारखं म्हणत ती सोळाव्या पायरीवर बसली, एक पाय वाटीच्या शेजारी रोवला, नाक दाबलं आणि डोकं खाली घेतलं.

कानात सगळी विहीर वाजली. तिने डोळे उघडले. चावलं. मग चावेनासं झालं. निस्तं हिरवं. हिरव्याच्या खाली काळं. तळ नव्हता. आत्या खोटं बोलल्या नव्हत्या.

त्या हिरव्यातून फुलाबाई येत होत्या. हात पुढे, आवळलेला चेहरा पुढे. सोनियाने कॅमेरा डोळ्यांपुढे आणला आणि दाबला. अजून मिटलेले. वाटीपाशी आल्या. एक. अजून मिटलेले. सोनिया हातभर पुढे झुकली, पाय सरकला, शेवाळावरून अलगद, आणि पायाखालची पायरी गेली. पुढची पायरी नव्हती. बोट मात्र दाबलेलंच राहिलं.

दंडाला जोरात हिसका बसला. मग ऊन, खोकला, दगडाचा खरखरीत काठ. फुलाबाईंनी तिला बाराव्या पायरीपर्यंत फरफटत आणलं तेव्हा हसीना वरून ओरडत होती आणि पोर हसत होती.

“येडी का खुळी तू!” फुलाबाई धापा टाकत होत्या. त्यांचे डोळे लालभडक झाले होते. “सतरावी पायरी न्हाई म्हनून सांगितलं न्हवतं तुला? घरात तान्हं पोर हाय! लाज न्हाई वाटत!”

“सांगितलं होतं,” सोनिया खोकत म्हणाली.

“दोर बांधला म्हनून काय झालं? दोर काय बघतो व्हय?”

“नाही, आत्या.”

फुलाबाईंनी तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसू लागल्या, पुन्हा पुन्हा, पाणी निघून गेल्यावरही. ऊन भिंतीवर चढून गेलं होतं.

वर बांधावर रेंज यायची. सोनिया कोनाड्यातली ओढणी घेऊन ओल्या कपड्यांनीच तिथे गेली, उन्हाकडे पाठ करून उभी राहिली आणि कॅमेऱ्यातले फोटो मोबाईलवर उतरवून घेतले. शेवटून दुसरा फोटो. अर्ध्या चौकटीत एक मोठा हात होता, थेट लेन्सवर आलेला, अडीचशेलाही न थांबलेला, बोटं धुरासारखी फिसकटलेली. हाताच्या मागे चेहरा. आणि दोन्ही डोळे टक्क उघडे, सताड, बाहुलीतल्या उजेडाच्या ठिपक्यासकट. भ्यालेले. पण तळाला नव्हे.

तिने तो दोन बोटांनी मोठा केला, छोटा केला. दाणे होते. हात गेलेला होता. परीक्षेला दिला तर नापास. तिने तो पाठवला आणि फिरणाऱ्या गोलाकडे बघत राहिली. एक दांडी, दोन दांड्या, पुन्हा एक.

विहिरीशी परतली तेव्हा मोबाईल थरथरला.

“हात हललाय,” शेफालीमॅडमनी लिहिलं होतं. खालची ओळ दोन मिनिटांनी आली. “डोळे जबरदस्त. कोणाकडे बघताहेत त्या?” आणि मग, “सोमवारी फोन करते. गाडीवर फिरायची तयारी ठेव.”

सोनियाने ‘माझ्याकडे’ असं टाइप केलं. पुसलं. मोबाईल ओढणीत गुंडाळून ठेवला.

फुलाबाई जांभळीखाली लुगड्याचा पदर पिळत होत्या. वैष्णवी त्यांच्या पुढ्यात बसून ठिबकणारे थेंब धरत होती. हसीनाच्या कानाला फोन होता.

“मोहसीन इचारतोय, उद्या नवाला येऊ का? का धाला?”

सोनियाने जाळीकडे पाहिलं. काठापासून काठापर्यंत अखंड. तिनेच सांगितलं होतं तसं, पूर्ण.

“नवाला येऊ देत,” ती म्हणाली. “पण त्यांना म्हणावं, पायऱ्यांच्या बाजूला एक दार ठेवा. माणूस जाईल एवढं.”

हसीनाने फोन कानापासून जरा दूर धरला आणि फुलाबाईंकडे पाहिलं. फुलाबाईंनी पिळलेला पदर झटकला. थेंब पोरीच्या तोंडावर उडाले तशी ती दचकली आणि मग खिदळली.

“कडी बाहेरनं, वरल्या अंगाला लाव म्हनावं,” त्या म्हणाल्या. “पोरीचा हात पोचाय नगं. सात वरसांची हुईस्तवर.”

हसीना फोनवर ते सांगू लागली. सोनिया झोळी सोडवायला गेली, अर्ध्यातून परत वळली.

“आत्या, वाटी खालीच राहिली.”

“ऱ्हाऊ दे,” फुलाबाई म्हणाल्या. “कुठं हाय ती, दिसलीया मला.”